कॉलरच्या खालचं इंग्रजी

माझं इंग्रजी कॉलरच्या खाली सुरू होतं. हे मी लाजत सांगत नाही, मिरवत सांगते.

सोलापुरात आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. अण्णा, म्हणजे माझे वडील, वळसंगची शेती भावांवर सोपवून शहरात आले आणि शिलाई शिकले. बोलणं मात्र वळसंगचंच राहिलं. माप घ्यायची त्यांची एक पद्धत आहे. ते टेप लावून मोठ्यानं पुकारणार, मी लिहून घेणार. क्रम ठरलेला: गळा, छाती, पोट, हात, मग पँटची कंबर, गुडघा आणि शेवटी टाच. कलेक्टरचं पोर येऊ दे नाहीतर हमालाचं, यात बदल नाही. "क्रम मोडला की कापड वाया," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

बी.ए. झाल्यावर मला पुण्याच्या एका कॉलेजात इंग्रजीत एम.ए. करायचं होतं. वसतिगृहासकट फुकट जागा होती, पण मुलाखत घेऊन देणार. मिळाली तर पुणं, नाहीतर दुकानाचा काउंटर. पुण्यात खोली घेऊन राहणं आम्हाला झेपणारं नव्हतं. आणि अण्णांनी तर मुलाखतीच्या आधीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून टाकलेलं, "आमची पोरगी पुण्याला चाललीया की, इंग्रजी शिकायला." आता बोला! जागा गेली तर माझं एकवेळ ठीक, पण बाजारात अण्णांचं नाक कापलं जाणार होतं.

मुलाखतीत अवघड शब्द विचारतात असं ऐकलं, म्हणून तसलं एक पुस्तक आणलं. सकाळी पाठ केलेलं दुपारी साफ. एकदा चिडून भिरकावलं ते थेट इस्त्रीच्या टेबलाखाली गेलं. उचलायला वाकले तर उघड्या पानावर शरीराच्या अवयवांवरून आलेले शब्द. म्हटलं, अगं बये, अवयव तर तू रोज लिहितेस.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा माप पुकारायचे आणि मी मनातल्या मनात त्याला शब्द टाचायची. गळा आला की गटरल, घशातून निघालेला आवाज. छातीला एक्स्पेक्टोरेट, म्हणजे छातीतलं काढून थुंकणं. आमच्या रस्त्यावर त्याची उदाहरणं शोधावी लागत नाहीत. पोटाला व्हेंट्रिलोक्विझम, पोटातून बोलणं. हाताला मॅन्युमिट, गुलामाला हातातून मोकळं करणं. गुडघ्याला जेन्युफ्लेक्ट, गुडघा टेकणं. आणि टाचेला रिकॅल्सिट्रंट, लाथा झाडणारं, कुणाचं न ऐकणारं. हा शेवटचा मी अण्णांना समजावून सांगितला. त्यांनी टेप गळ्यात टाकला आणि आईला हाक मारली, "ऐकलंस का, तुज्या लेकीला इंग्रजीत लई झ्याक नाव हाय."

मुलाखतीला समोर तिघं होते. मधल्या बाईंनी माझा अर्ज वाचला. बारावीपर्यंत मराठी माध्यम, कॉलेज सोलापूरचं. त्यांची उजवी भुवई वर गेली आणि खाली यायचं नाव घेईना.

"अर्जात शरीरावरून आलेले शब्द आवडतात म्हणता," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मग सुपरसिलिअस कशावरून आला, सांगा."

मनातल्या मनात गळ्यापासून टाचेपर्यंत फिरून आले, कुठंच सापडेना. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही टोप्या शिवत नाही. अण्णांनी कधी कॉलरच्या वर टेप नेला नाही, आणि मीही पुस्तकातलं वरचं सगळं सोडून गळ्यापासूनच धरलं होतं. गप्प बसले तर पुणं गेलंच होतं. म्हणून आहे ते सांगितलं.

"मॅडम, हा येत नाही. आमचं गणवेशाचं दुकान आहे. आमच्याकडे कॉलरच्या वर माप घेत नाहीत, त्यामुळे वरचे शब्द राहून गेले. कॉलरच्या खालचा कुठलाही विचारा."

शेजारचे सर हसले. "मग घ्या माप."

मी उठून उभी राहिले. गळ्याला हात लावला आणि अण्णांच्या ठेक्यात पुकारायला सुरुवात केली. एकेक शब्द, त्याचं मूळ, त्याचा अर्थ. शेवटी वाकून टाचेला हात लावला आणि रिकॅल्सिट्रंट म्हणूनच सरळ झाले. खरं सांगते, त्या खोलीत माझी मान अशी ताठ झाली होती की टेपवरसुद्धा जरा जास्त भरली असती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सुपरसिलिअस म्हणजे भुवई उंचावून दुसऱ्याला तुच्छ लेखणारा. मूळ शब्द भुवईचा आहे."

"हो का? बघत तर मघापासून होते मॅडम," मी म्हटलं, "नाव आत्ता कळलं."

बोलले आणि मेले. जिभेला हाड नाही ते नाहीच. दोन्ही सर टेबलाकडे बघायला लागले. मग हळूहळू बाईंची भुवई खाली आली आणि त्या हसल्या, चांगल्या मनापासून हसल्या.

बसस्टँडवरून घरी फोन लावला. जागा मिळाली का, असं अण्णांनी विचारलं नाही. विचारलं, "कुटं अडलीस?"

"भुवईवर."

तिकडं मशीन थांबलं. "मग चूक माजी हाय," ते म्हणाले. "वरचं माप मी कदी घेतलंच न्हाय."

निवड झाल्याचं कळलं ते शाळा सुरू व्हायच्या दिवसांत. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवसांत गिऱ्हाईक ताटकळत ठेवणं अण्णांच्या रक्तात नाही, जेवणसुद्धा उभ्यानं उरकतात. मी पुण्याला निघाले त्या सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि मापाला पोरं उभी करतात तिथं उभं केलं. टेप काढला आणि माझ्या कपाळाला लावला, बरोबर भुवयांवर.

काउंटरवरचे एक गृहस्थ वैतागले. "अहो, आमचं बघा की आधी."

अण्णांनी मान वळवली नाही. "थांबा जरा," ते म्हणाले. "पुण्याच्या गिऱ्हाइकाचं माप चाललंय. वरनं सुरू केलंय, येळ लागंल."