वहीतली शहाणी मुलगी

एकचताईंबद्दल मी लिहावं हे काही बरोबर नाही. त्या मला किती माहीत होत्या, तर दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीतून दिसायच्या तेवढ्या. चष्मा, पाठीवरची बारीक वेणी आणि शिक्का मारणारा उजवा हात. त्या कुठे राहायच्या, घरी कोण होतं, मला ठाऊक नाही. त्यांचं खरं नाव मी त्या वारल्यावर दवाखान्याच्या फलकावर लावलेल्या कागदात वाचलं आणि ते कुणा परक्या बाईचं वाटलं. त्या शनिवारी घ्यायच्या त्या वर्गातल्या पालकांनी ठरवलं की नव्याने येणाऱ्यांसाठी प्रत्येकाने त्यांच्याबद्दल दोन पानं लिहायची. मी म्हटलं, मला लिहिण्याची सवय नाही.

"असं कसं आजोबा? तुम्ही तर वही लिहिलीत!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

तर त्या वहीचंच सांगतो.

माझी नात तेव्हा आठ वर्षांची होती. घरात तिला भिंगरी म्हणतात. एक मोजा पायात घालायचा आणि दुसरा हातात घेऊन खिडकीतली माशी बघत उभं राहायचं, हा तिचा रोजचा कार्यक्रम. शाळेतून चिठ्ठ्या यायच्या. त्या वर्षी मुख्याध्यापिकेने मुलाला आणि सुनेला बोलावून सांगितलं, वार्षिक परीक्षेआधी डॉक्टरांचा कागद आणा. कागद असेल तर पुढचा बाक, पेपराला जादा वेळ, मधूनमधून उठायची मुभा, सगळं देता येईल. नसेल तर दुसरी शाळा बघा.

लक्ष न टिकणाऱ्या मुलांचे डॉक्टर आमच्या दवाखान्यात तीन महिन्यांतून एकदा, मंगळवारी यायचे. परीक्षेआधी एकच मंगळवार उरला होता. त्यांना मुलाच्या रोजच्या वागण्याची तीन आठवड्यांची वही हवी असे, शाळेची वेगळी आणि घरची वेगळी. मुलगा आणि सून दोघंही सकाळी साडेसहाला कामावर निघतात. म्हणून सकाळचं मी लिहायचं आणि संध्याकाळचं सुनेने, असं ठरलं.

वही कशी लिहायची ते एकचताई शिकवायच्या. आठवडाभर खिडकीत बसणाऱ्या या बाई शनिवारी दुपारी दवाखान्याच्या वरच्या खोलीत, वजनकाटा आणि मोडक्या पलंगांच्या मध्ये, पालकांचा वर्ग घ्यायच्या. पहिल्याच दिवशी त्या एका दमात म्हणाल्या, "खिडकी लावा, उजव्या पायातली चप्पल काढा, शेजारच्याला आपलं वय सांगा, वहीत उद्याची तारीख घाला आणि पाणी पिऊन जागेवर बसा. चला!"

एकच गोंधळ उडाला. एक बसड्रायव्हर हातात चप्पल घेऊन विचारत होता, "पाणी आधी की वय आधी?"

"वय राहू द्या, लोक घाबरतील," त्याची बायको म्हणाली.

आम्ही हसत होतो तेवढ्यात ताई कडाडल्या, "किती वेळा सांगायचं? लक्ष कुठे असतं तुमचं? बाकीच्यांना जमतं, तुम्हालाच कसं जमत नाही?"

ड्रायव्हरने चप्पल हळूच खाली ठेवली. "हे मीच म्हणतो," तो म्हणाला. "रोज."

"म्हणून एका वेळी एकच सांगा," ताई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "ते झालं की दुसरं." त्यांना एकचताई म्हणतात ते यावरून.

मग त्यांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि अंगातली चळवळ आवरता न येणं, हे समजावून सांगितलं. हा आळस नव्हे, वाईट वळण नव्हे, आईचे फाजील लाडही नव्हेत. काय करायचं ते या मुलांना कळतं, पण ऐन वेळी लगाम हाती येत नाही. औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर बघतील, घर कसं लावायचं ते आपण बघू. "कधी बरं होणार?" असं एका आईने विचारलं. त्या म्हणाल्या, "तो काय ताप आहे का उतरायला? तुमची मुलगी हे घेऊनच चालायला शिकेल. तुम्हीही शिकाल."

आणि वहीबद्दल त्यांनी बजावलं, "जे झालं ते लिहा. कुणी मदत केली असेल तर तेही लिहा."

पहिल्या दिवशी मी तसंच लिहिलं. बूट सापडला नाही, पाणी सांडलं, गणिताची वही उशीखाली, रिक्षा दोनदा हॉर्न वाजवून थांबली. लिहून झाल्यावर वाचलं. आठ वर्षांच्या पोरीवरचं आरोपपत्रच ते. हे डॉक्टरांकडे जाणार, तिथून शाळेत जाणार, कुठल्या तरी कपाटात कायमचं राहणार. मी ते पान फाडलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पाचला उठू लागलो. दप्तर भरून ठेवायचो, मोजे बुटात घालून बूट दाराशी मांडायचो. ती रेंगाळली की हळूच केस विंचरून द्यायचो, बटण लावायचो. आणि वहीत लिहायचो, 'दप्तर तयार. वेळेवर निघाली.' त्यात खोटं एक अक्षर नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. शेजारच्या रकान्यात सुनेचं अक्षर असायचं. 'गृहपाठाला दोन तास. मी ओरडले. ती रडली. मीही.'

सून वही वाचायची. एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "बाबांकडे किती शहाणी असते बघ. माझ्याकडेच अशी करते. माझंच काहीतरी चुकतंय." मी आतल्या खोलीत होतो. मला ऐकू आलं. मी गप्प बसलो. हे लिहिताना हात अडतो आहे, पण गप्प बसलो हे खरं.

मंगळवारच्या आधीच्या गुरुवारी ताईंनी वही बघायला मागितली. खिडकीशी उभा राहून मी त्यांची बोटं पानांवरून फिरताना बघत होतो. फाडलेल्या पानाच्या उरलेल्या कडेवर त्या जरा थांबल्या. सकाळचा रकाना त्यांनी दोनदा वाचला.

"आजोबा, ही सकाळची मुलगी मला द्या. माझ्या घरी भांडी पण घासेल."

मी हसायचा प्रयत्न केला.

"उद्या सात वाजता येते. चहा नको."

मला नाही म्हणता आलं नाही. रात्रभर डोळा लागला नाही. ताई आल्या, दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. मी ठरवलं होतं की आज कशाला हात लावायचा नाही. पण भिंगरी ताईंच्या चष्म्याची दोरी बघण्यात रमली आणि घड्याळ पुढे सरकू लागलं, तसे माझे हात आपोआप चालू लागले. डबा दप्तरात, बाटलीचं झाकण, बुटाची नाडी. ती रिक्षात बसून गेल्यावर ताई म्हणाल्या, "एकोणीस."

"काय?"

"एकोणीस वेळा हात लावलात. आजोबा, तुम्ही काम काय करायचात?"

"रफूचं. चाळीस वर्षं."

"तरीच!" त्या म्हणाल्या. "भोक कुठे होतं ते सापडतच नाही." मग खुर्चीवर बसल्या. "डॉक्टर ही वही वाचून काय म्हणतील? पोरगी सकाळी व्यवस्थित असते आणि आई आली की बिघडते. म्हणजे दुखणं पोरीचं नाही, आईचं. कागद मिळणार नाही. आणि तुमची सून ते खरं मानेल."

"ती आत्ताच मानते," मी म्हणालो.

ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "प्रत्येक ओळीपुढे तुम्ही काय काय केलंत ते लाल शाईने लिहा. आठवेल तेवढं. फाडलेल्या पानाचंही लिहा. आणि मंगळवारी डॉक्टरांसमोर स्वतः बसा. पण आधी घरी सांगा."

"आणखी काही?"

"आधी एकच. घरी सांगा."

संध्याकाळी सून आली तेव्हा लाल शाईची वही मी तिच्यापुढे ठेवली. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही. तिने चप्पलही न काढता उभ्याने सगळी वाचली. आता ही मला बोलेल, मुलगा बोलेल, मंगळवार हातचा जाईल, असं काय काय माझ्या डोक्यात येत होतं. तिने वही मिटली.

"म्हणजे माझं चुकत नव्हतं?"

"नाही गं. माझंच चुकलं."

ती बराच वेळ स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिली. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मंगळवारी मात्र डॉक्टरांच्या दारात तिने माझा हात धरला. डॉक्टरांनी दोन्ही वह्या वाचल्या, मला बरेच प्रश्न विचारले, भिंगरीशी खेळले, आणि अखेर कागद लिहून दिला. शाळेने तिला ठेवून घेतलं.

त्यानंतर ताईंनी मला दुसरी गोष्ट सांगितली. सकाळी सात ते साडेसात खुर्चीत बसायचं आणि तिने मागितली तरच मदत करायची. भिंगरीने पाच चित्रं काढली, डबा, बाटली, वही, बूट, कंगवा, आणि तिच्या उंचीवर दाराला चिकटवली. कधी ती चित्रं बघते, कधी माशी बघते. मी खुर्चीत बसून असतो. चाळीस वर्षांत इतकं कठीण काम केलं नव्हतं.

ताईंना शेवटचं भेटलो ते माझ्या गुडघ्यासाठी दवाखान्यात गेलो तेव्हा. त्यांच्या डाव्या हातावर, सुई टोचतात तिथे, चिकटपट्टी होती. विचारावंसं वाटलं. मागे रांग होती, आणि मी तसा भिडस्त. विचारलं नाही.

"आज डबा?" त्यांनी शिक्का मारत विचारलं.

"घरीच राहिला."

"आणि तुम्ही?"

"खुर्चीत."

"जड गेलं?"

"फार."

"हं. गुडघ्याचे डॉक्टर तीन नंबरच्या खोलीत."

मी निघालो. चार पावलं गेलो असेन, मागून ताईंची हाक आली.

"आजोबा, केसपेपर राहिला!"

"हो, हो," म्हणून मी परत फिरलो.