उंबरठ्यावरचं खाकरणं

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, घरात येण्याआधी त्यांचं खाकरणं घरात यायचं. नाचणगावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुपारी जेवायला आले की अंगणात जोडे काढता काढता ते घसा असा काही खाकरत, की चुलीपुढे बसल्या बसल्या माझा पदर आपसूक डोक्यावर जायचा. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि सुना सासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं बसत नसत. माझा नवरा तसाच आत शिरला, तर त्यालाही ऐकावं लागे, "घर हाय बाप्पा, बजार नाई. सांगून येत जा."

नेमकी त्याच गळ्यात गाठ निघाली. बिडीनं दावा साधला, असं सासूबाई म्हणत. मुंबईला नेऊन मोठं ऑपरेशन केलं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. श्वासासाठी गळ्याला भोक, त्यावर मलमलचा तुकडा आणि हातात लिहायला नणंदेची जुनी पाटी, असे मामाजी परत आले. खोकले तरी त्या भोकातून नुसती फस्स करून हवा यायची.

आले त्याच आठवड्यात घोटाळा झाला. मी न्हाऊन केस वाळवत बसले होते. मागं वळून बघते तर मामाजी उभे, पाण्याचा गडू शोधत. मी किंचाळलेच. ते तसेच माघारी फिरले आणि त्या दिवसापासून त्यांनी घरात पाऊल टाकणं सोडलं. जेवण ओसरीवर, झोप ओसरीवर. चुलीजवळ बसून प्यायल्याशिवाय ज्यांना ताक गोड लागत नसे, ते आपल्याच घरी पाहुण्यासारखे बाहेर बसलेले मला बघवत नसे. मग आमच्या यांनी, येताना वाजवायला म्हणून, दाराला बैलाची घंटी बांधून दिली. मामाजींनी पाटीवर लिहिलं, 'मी काय बैल हाय?' आणि घंटी काढून ठेवली.

डॉक्टरांनी त्यांना एक युक्ती शिकवली होती. हवा गिळायची, ढेकरासारखी वर काढायची आणि तिच्यावर शब्द बोलायचा. मामाजी ओसरीवर बसून तासन्‌तास हवा गिळत. पोट नगाऱ्यासारखं फुगे, शब्द मात्र निघत नसे. यांनी आईला सगळं समजावलं होतं, पण सासूबाईंचा काडीचा विश्वास नव्हता. "ढेकरानं कोनी बोलते काय? वात झाला त्याईले," असं म्हणून त्या दोन्ही वेळा ओवा-पादेलोण चारत आणि वर आग्रह करकरून जेवायला घालत. भरल्या पोटी हवा आत जाईना, गेलेली वर येईना. मामाजी निमूट ओवा चावत. बोलता येत होतं तेव्हाही सासूबाईंपुढं त्यांचं फारसं चालत नसे म्हणा.

शेवटी मीच धीर करून सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, ओव्यानं ढेकर दबते जी. त्याईले तर ढेकरच पायजे."

"तू काऊन डाक्टरीन होऊन राह्यली?" त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी ताटात ओवा नव्हता, आणि भाकरीही एक कमी होती.

त्यानंतर बरेच दिवस काहीच घडलं नाही. मग एका दुपारी मी भाकऱ्या थापत होते. अंगणातून एक जाडाभरडा, ओबडधोबड आवाज आला. काय आहे हे कळण्याआधीच माझा पिठाचा हात पदराकडे गेला होता. मामाजी उंबरठ्यात उभे होते. त्यांनी पुन्हा हवा गिळली.

"ताक," ते म्हणाले. आणखी एक घोट हवा गिळून, "दे, सूनबाई."

सासूबाई हातातली पळी तशीच धरून रडायला लागल्या. "बोलले व माय," एवढंच त्या म्हणत होत्या. मामाजी येऊन चुलीजवळ आपल्या पाटावर बसले आणि मी त्यांना दोन पेले ताक दिलं.

तो आवाज कधी गोड झाला नाही. जेवण झालं की तो जायचाच, म्हणून लग्नकार्यात ते आधी बोलून घेत आणि मग पानावर बसत. दुकानात घासाघीस संपली. एका ढेकरात एक भाव सांगत, आणि गिऱ्हाईक मुकाट्यानं घेई. घरात मात्र कधी न सांगता आले नाहीत.

मामाजींना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. माझ्या सुना डोक्यावर पदर घेत नाहीत, मीही घ्या म्हणत नाही. पण एखाद्या पंगतीत कुणी म्हाताऱ्यानं तृप्तीचा ढेकर दिला, की अजून माझा हात पदराकडे जातो.