मी लिहिलेली खोटी स्तुती

विनोदी लेख ऐकताना आपण नक्की कुणाला हसतो, हे तुम्ही कधी स्वतःला विचारलं आहे का?

मी विचारलं नव्हतं. स्वातंत्र्य येऊन दोन-चार वर्षं झाली होती. आमच्या गावच्या वाचनालयाचं हस्तलिखित दरवर्षी निघे आणि वार्षिक सभेत त्यातले लेख मोठ्यानं वाचले जात. नंदाखाल, बोळिंजकडची माणसंही ऐकायला येत. माझं सगळं वाचन स्वातंत्र्य चळवळीच्या चोरट्या पत्रकांवर झालेलं. वडील ती भाताच्या कणगीत लपवून ठेवत आणि मी ती काढून पाठ करी. त्यामुळे मला लिहिण्याची एकच तऱ्हा येई: अन्याय सांगायचा आणि शेवटी उद्गारचिन्ह द्यायचं. चिटणीस म्हणाले, "बाबा रे, तुझं पत्रक ऐकून लोक जांभया देतात. यंदा जरा गंमत आण."

विषय माझ्याकडे होता. शेजारच्या केळीच्या वाडीत खाडीकडच्या गावातून बाया केळी सोलायला येत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि त्यांची सुकेळी करायची. सोलताना हात कोरडे लागतात. ओला हात लागला तर केळ्याला बुरशी धरते. एवढ्याशा खऱ्या गोष्टीवर वाडीच्या मालकानं, त्याला सगळे वाडीवाले म्हणत, आपला नियम रचला होता: त्या दिवसाचा सगळा माल सोलून होईपर्यंत कुणी पाण्याला उठायचं नाही. रहाट दहा पावलांवर फिरत असे आणि पाटातून पाणी केळींना जात असे. त्या बायांतल्या सर्वांत वयस्क बाईला मी मावशी म्हणे. ती एकदा कुंपणापाशी येऊन म्हणाली, "तू लिवतंस ना रं? मंग आमच्या पान्याचा लिव. दुपारचा एक तांब्या दिला तं काय वाडी सुकल?"

मी लिहिलं. निंदा करायची ती स्तुतीच्या सुरात, हे तंत्र मी नुकतंच शिकलो होतो. वाडीवाल्यांना मी महर्षी केलं. तहान फक्त केळीला लागते, माणसाला नाही, हा शोध त्यांच्या नावावर टाकला. मग अतिशयोक्ती: पाणी बघून रेड्याला तहान लागू नये म्हणूनच त्यांनी रहाटाच्या रेड्याला झापडं बांधली आहेत! इथवर ठीक होतं. पण हशा कमी पडेल या भीतीनं मी मावशीलाही लेखात ओढलं. तिचंच वाक्य घेतलं, तिचं बोलणं होतं त्याहून वाकडं केलं आणि तहानेपायी तिला केळ्याच्या साली चोखायला लावल्या.

सभेला वाडीवाले पहिल्या खुर्चीत होते. स्तुतीला लोक गालात हसले. मावशीचं बोलणं आलं आणि सगळा मांडव खदखदला. "पुन्हा वाच! पुन्हा!" मी पुन्हा वाचलं. या वेळी नाकात बोलून वाचलं. वाडीवाले डोळे पुसत उठले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "झकास! त्या म्हातारीची नक्कल तर अगदी अस्सल!" ज्याला टोचायचं तोच पोट धरून हसत होता. त्या थापेची मला अजून शिसारी येते. त्याहून जास्त शिसारी येते ती तेव्हा मला झालेल्या आनंदाची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीनं पाणी मागितलेलं मला कुंपणाअलीकडून ऐकू आलं. वाडीवाल्यांनी नाकात बोलून उत्तर दिलं, "साली चोख, मावशे!" सगळे गडी हसले. मी पलीकडे गेलो. मावशी सोलत होती; तिनं मान वर केली नाही.

"मावशी, मी त्यांनाच टोचलं होतं."

"असल. पन हसली ती माझ्या बोलन्याला. पान्याचा कोन बोलला?"

मी चिटणिसांकडे जाऊन लेखाची पानं परत मागितली. "वेडा का खुळा? गाजलाय तो! चांदीप गावची मंडळी कालच उतरवून घेऊन गेली," ते म्हणाले. लेख फिरतो आहे. पाणी अजून मिळालेलं नाही.

म्हणून मागणं आहे. तुमच्या गावात त्या लेखाची प्रत आली असेल तर ती वाचू नका, फाडून टाका. आणि ज्या वाडीतून तुम्ही सुकेळी घेता, तिथे एकदा भर उन्हात जा. सोलणाऱ्या बायांना तुमच्यासमोर पाणी मिळेपर्यंत तिथून हलू नका.