एका विहिरीतून दुसऱ्या विहिरीत

एके दिवशी उमरोळीतल्या आमच्या विहिरीतले बेडूक मेलेले निघाले. गावातल्या विहिरी उपसून गाळ काढणारा माणूस बादलीतल्या मेलेल्या बेडकांकडे बघत राहिला. एरवी गाळात सापडलेले बेडूक तो पुढच्या विहिरीत नेऊन सोडायचा. त्यांच्यामुळे पाण्यात किडे होत नाहीत, म्हणायचा. “चला, सासरी चला,” असं त्यांना दटावायचा.

मेलेले बेडूक तपासायला कॉलेजातून आलेली मुलगी म्हणाली, कातडीला बुरशी लागली असेल, नाहीतर उष्णता किंवा कारखान्यांचं पाणी बाधलं असेल. बुरशी ओल्या बादलीतूनही एका विहिरीतून दुसरीत पसरते, असंही तिनं सांगितलं.

तेव्हापासून तो विचारतो, “मास्तर, मीच तर नाय ना नेला रोग?”

मला खरंच ठाऊक नाही. तसं सांगितलं तरी तो पुन्हा विचारतो.

एकेक करून बाकीच्या विहिरींतलेही बेडूक मेले; आता गावात एकाच विहिरीत उरलेत. त्या विहिरीत तो उतरत नाही.