काठमांडूचे हणमंतमामा

हणमंतमामा जत्रेला गावी आले की पहिले एक-दोन दिवस हात घमेल्यात धुवायचे आणि ते पाणी कुणाला फेकू द्यायचे नाहीत. मामी हसायची. "आवं, हितं कुठलं सोनं? शेणाचं हात हायती तुमचं." मग मामा ओशाळून ते पाणी परड्यात ओतायचे. काठमांडूत त्यांचं गलाईचं दुकान होतं. जुनं सोनं-चांदी ॲसिडमध्ये घालून, भट्टीत वितळवून शुद्ध करायचं, हा आमच्या विट्याकडच्या लोकांचा धंदा. त्यात हात धुतलेल्या पाण्यातही सोन्याचा कण असतो. दुकानातला केरसुद्धा जाळून गाळतात.

मामा आईचे थोरले भाऊ. माझे वडील गेल्यावर मला त्यांनीच शिकवलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. आज साताऱ्यात शिकवतो, तो त्यांच्या भट्टीच्या जोरावर. मामा सगळं जग टंचात मोजायचे. टंच म्हणजे सोन्याची शुद्धता. "आज कालवण सत्तर टंच झालंय," असं म्हटल्यावर मामी वाटी ओढून घ्यायची. मी बी.ए. झालो तेव्हा पेढा देताना विचारलं, "मामा, मी किती टंच?" ते म्हणाले, "शंभर म्हननार न्हाई गड्या. थोडी खोट लागतीच. त्याबिगर दागिना टिकत न्हाई."

त्यांना मूलबाळ नव्हतं. मामीनं गावी राहून शेत सांभाळलं, सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं. संसार असा जत्रेपुरताच. दरवर्षी निघताना मामा एस.टी.च्या पायरीवरून मामीला सांगायचे, "पुढल्या खेपंला तुला नेतो. पशुपती दावतो."

"लय आयकलंय. चढा आता, बस सुटंल."

मग लागोपाठ दोन वर्षं ते जत्रेला आलेच नाहीत. फोनवर म्हणायचे, "लय काम हाय." मामांना आता सवड नसते, असं आम्ही गावात ताठ मानेनं सांगायचो. शेवटी त्यांच्या शेजारच्या गाळ्यातल्या गाववाल्याचा फोन आला. ॲसिडच्या वाफांनी मामांची फुप्फुसं खाल्ली होती. चार शब्द बोलले तरी धाप लागत होती. डॉक्टरांनी विमान नको म्हणून सांगितलं होतं. मामांचं मागणं एकच होतं : "मला घरी न्या."

गावातल्या सलीमभाईंची गाडी ठरवली. मामी न विचारताच गाडीत येऊन बसली. वाटेत आळीपाळीनं झोपत, बिहार की उत्तर प्रदेश हे न कळता, आम्ही एकदाचे सुनौलीची सरहद्द ओलांडून काठमांडूला पोहोचलो. माळ्यावरच्या खोलीत मामा भिंतीला टेकून बसले होते. निम्मे झाले होते.

"आलीस?" ते म्हणाले. "आधी पशुपती करून ये."

"द्येव कुटं पळत न्हाई. तुमी चला."

दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनची टाकी गाडीत घालून आम्ही निघालो. मामांचं डोकं मामीच्या मांडीवर होतं. रस्ता डोंगराच्या कडेनं वळत होता, खाली त्रिशूली नदी. सरहद्द अजून पुष्कळ लांब होती. दुपारी मामांनी डोळे उघडले.

"कुठवर आलो गं?"

मामीनं खिडकीबाहेर पाहिलं. तो मुलूख तिनं येताना एकदाच पाहिलेला.

"कराड गेलं," ती म्हणाली.

"आन् ही वळणं?"

"सुर्लीचा घाट न्हवं का."

"म्हंजी विटं आलंच."

"आलंच."

मामा थोडा वेळ नुसते श्वास ओढत राहिले. मग हळूच म्हणाले, "पारावर कोन हाय?"

"समदी हायती. तुमचीच वाट बगत्यात."

त्यांच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं. मी पुढच्या सीटवर बसून समोरच्या रस्त्याकडे पाहत होतो. आणखी काही वळणं गेली. मागून येणारी श्वासाची घरघर थांबली आणि टाकीची बारीक फुसफूस तेवढी ऐकू येऊ लागली. मामीनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं, डोळे मिटवले.

"सलीमभाऊ," ती म्हणाली, "आता सावकाश चालवा. घाई न्हाई."