कापडात गुंडाळलेली तलवार

बंगळूरच्या आमच्या मराठी मंडळाने समाजाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं, कारण मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि नाही म्हणायला मला उशीर झाला. मी घरोघरी जाऊन चहा पीत विचारायचे, तुमचे पूर्वज इकडे कसे आले? उत्तर ठरलेलं असायचं. फौजेबरोबर, घोड्यावरून. चालत कोणीच आलं नव्हतं. एवढ्या घोड्यांना चारा कोण घालत होतं, हा प्रश्न मी मनातच ठेवायचे, कारण चहा त्यांचा होता.

पुरावा मागितला की माणसं दुखावतात. कागद बहुतेकांकडे नसतात. असलेच तर मोडीत, आणि मोडी वाचणारा सापडेपर्यंत त्यांना कसर लागते. इतिहास लिहिणारी बाई पाहुणी वाटते तोवर ठीक असतं. ती तपासायला आलीय असं वाटलं, की पुढच्या खेपेला पोहे होत नाहीत.

बंगळूरच्याच येलहंका भागातल्या माझ्या मानलेल्या काकूकडे मात्र पुरावा होता. तिच्या देवघरात घराण्याची तलवार भिंतीला टेकून उभी असायची. दर खंडेनवमीला तिच्यावर नवं लाल कापड चढायचं, आणि खालचं जुनं सोडायचं नाही अशी रीत होती. त्यामुळे तलवार वर्षागणिक जाड होत गेली, आणि ती उघडी पाहिलेलं घरात कोणी उरलं नाही.

तलवारीच्या घरातल्या सुनेने लोकांचे ब्लाउज शिवणं शोभत नाही, असं सासूने काकूला बजावलं होतं. काका लवकर गेले तेव्हा तिने शिवलेच, पण मागच्या खोलीत, पडदा ओढून. गिऱ्हाइकं मागच्या दाराने यायची. खंडेनवमीलाच, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, सगळी गल्ली रिक्षांना आणि स्कूटरना झेंडूच्या माळा घालायची. काकूचं मशीन त्या दिवशी चादरीखाली असायचं.

तिची एकच इच्छा होती. पुस्तकात तलवारीचा फोटो यावा आणि खाली लिहिलेलं असावं, की हे घराणं फौजेबरोबर आलं. मी म्हटलं, गाठोड्याचा फोटो छापून काय उपयोग, उघडून बघावं लागेल. काकू बरेच दिवस त्या विषयावर बोललीच नाही. मग एका सकाळी तिचा होकाराचा फोन आला. "सरी. ये. पण हळू सोड."

वरची कापडं चकचकीत नायलॉनची होती, त्याखालची सुती, आणि अगदी आतली जाडीभरडी, हाताने काठ दुमडलेली. प्रत्येक कापड निघालं की काकू त्याचा काठ बोटांनी चाचपायची. शिवण चांगली आहे, एवढंच म्हणायची. शेवटचं कापड सुटलं. आत कापड मोजायचा लोखंडी गज होता, चपटा, अंगावर खुणा पाडलेला.

मला आनंद झाला. इतक्या घरांत चहा पिऊन पहिल्यांदाच हाताला काही लागलं होतं. तो आनंद माझ्या चेहऱ्यावर दिसला असणार, कारण काकूने गजाकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे शिंपी?"

दिसतंय तसं, मी म्हणाले, नाहीतर कापडवाले. मग तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, की फौजेलाही कपडे लागतातच. याला काही आधार नाही, हे बोलता बोलताच मला कळत होतं.

काकू कापडांच्या घड्या घालू लागली. शेवटची घडी घालून म्हणाली, "आणि मी जन्मभर पडदा ओढून शिवत बसले."

मी घरी आले, तरी पुस्तकातलं तिच्या घराण्याचं प्रकरण पुढे सरकेना. पुरावा माझ्याकडे होता आणि लिहायचा धीर नव्हता.

खंडेनवमीला तिने बोलावून घेतलं. पुढचं दार सताड उघडं होतं. बाहेरच्या खोलीत पाटावर तेल लावलेला उघडा गज होता, त्यावर हळदकुंकू. शेजारी शिलाई मशीन आणून ठेवलं होतं, चाकाला झेंडूची माळ, पायदानावर लिंबू. शेजारणी एकेक करून पुढच्या दाराने आत येत होत्या.

मी मोबाइल काढून गजावर रोखला. काकूने माझा हात धरला.

"मशीन स्वल्प पुढे घे," ती म्हणाली. "गज मागे राहू दे."