कमल सिस्टरांशिवाय जॉइन होताना

कमल सिस्टर गेल्याचा फोन आला आणि मला आधी रडू नाही आलं, भीती वाटली. स्वतःसाठी.

लिहायला लाज वाटते. पण खरं आहे.

नाशिककडच्या पेठच्या पुढे डोंगरात एक आरोग्य केंद्र आहे. इंटर्नशिपला मी तिथे होते आणि सिस्टर तिथल्या जुन्या नर्स.

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक बाई गेली असती.

भातलावणीचे दिवस. सकाळच्या ओपीडीत ती पोट धरून आली. मी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

सिस्टर कानाशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, तिच्या पापण्या बघा. उचलत नाय."

बाई रात्री जमिनीवर झोपली होती. मण्यार साप चावला तर बऱ्याचदा कळतही नाही, खूणही दिसत नाही. आधी पोट दुखतं, पापण्या जड होतात, नंतर हळूहळू श्वास थांबतो.

पुस्तकात वाचलेलं आठवून मी म्हटलं, "एका दमात आकडे म्हणा." दम किती उरलाय ते त्यावरून समजतं.

तिला आकडे येत नव्हते.

सिस्टर तिला म्हणाल्या, "घरातल्यांची नावं घे, एका दमात. गाई-बैलांची पण घे."

अकरा नावं झाली. नवऱ्याचं सोडून.

मी अँटीव्हेनम सुरू केलं. थोड्या वेळाने सात.

मग चार.

धाकट्या मुलीच्या नावापाशी ती अडकली, तेव्हा मला पुढच्या बाटलीचं झाकणही काढता येईना.

"घाबरा मॅडम," सिस्टर म्हणाल्या, "पण हात चालू ठेवून घाबरा."

नावं चारवरून खाली गेली नाहीत. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आम्ही दोघी तिच्याजवळ बसून नाशिकला आलो. ती वाचली.

माझ्या बॅचमधल्या ज्यांनी गावातली पोस्टिंग नुसत्या सह्यांवर काढली, ते सगळे आज शहरात आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्या शेजारी कोणी उभंच राहिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात पोस्टिंगचा फॉर्म भरताना मी पहिलं नाव त्याच केंद्राचं टाकलं. सगळ्यांना वाटलं, काय ही सेवाभावी मुलगी. सेवा-बिवा काही नाही हो. तिथे सिस्टर होत्या.

फोन केला तर म्हणाल्या, "या की. मी हाय अजून दोन वर्सं."

परवा कामावर निघताना त्यांच्या छातीत दुखलं आणि सगळं संपलं.

ऑर्डर आलीये. सोमवारी जॉइन व्हायचंय. आई सकाळपासून म्हणतेय, "अजून नाही म्हणता येतं. गंगापूर रोडच्या हॉस्पिटलवाल्यांचा नोकरीसाठी परत फोन आला होता." खरं तर कालपर्यंत मलाही त्या पोस्टिंगला नाहीच म्हणायचं होतं.

काल अंत्यविधीला गेले. केंद्रातली नवीन नर्स भेटली. तिला कामाला लागून जेमतेम तीन आठवडे झालेत.

माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मॅडम, तुम्ही येणार ना? सिस्टर म्हणायच्या, आपल्या मॅडम येतायत, त्यांना सगळं येतं."

मला सगळं येत नाही. निम्मंही येत नाही.

"येते सोमवारी," मी म्हणाले.

सिस्टर, मण्यारीची वाटली नव्हती एवढी भीती मला त्या पोरीच्या भरवशाची वाटतेय.

तरी जाते.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.